खिडकीचा टेकू

पट्टीकाकांच्या स्वयंपाकघराची खिडकी गेली सत्तावीस वर्षं एका लाकडाच्या तुकड्याच्या जिवावर उघडी राहते आहे. ती वर सरकवायची, खाली तो तुकडा उभा करायचा, की वाफ बाहेर आणि वारा आत. तुकडा काढला की खिडकी धाडकन खाली, आणि खाली कुणाची बोटं असली तर त्याचं नशीब. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी तो टेकू पाहिलेला आहे. पण तो मुळात कशाचा तुकडा, हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस चहा पिताना खिडकीकडे पाठ करून बसायचा.

पट्टीकाका हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नव्हे. ते गावानं ठेवलं, आणि गावानं ठेवलेलं नाव कितीही घासलं तरी निघत नाही. छत्तीस वर्षं त्यांनी एकच नोकरी केली. पुलाच्या वरच्या अंगाला खडकावर एक आकड्यांची पट्टी ठोकलेली होती. नदीचं पाणी तिच्यावर कितीपर्यंत आलंय ते सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला बघायचं आणि वहीत लिहायचं. बस. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात; काकांनी मूळ कधी विचारलंच नाही, फक्त उंची विचारली, दिवसातून दोनदा. आणि ही नदी काही मैदानातली सुस्त नदी नव्हे, डोंगरातली. वर बर्फ वितळलं की दुपारी चढणार, पहाटे उतरणार. एका पावसात गाडीएवढे धोंडे लोटत आणणार आणि दुसऱ्या दिवशी अशी नितळ वाहणार, जणू काल ही गावातच नव्हती. हिची नोंद ठेवायची तर माणूस चोख हवा. काका चोख होते. तापात, थंडीत, स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सात म्हणजे सात. सगळं गाव त्यांचं कौतुक करायचं. कौतुक सुरू झालं की काका मान खाली घालायचे, आणि गाव म्हणायचं, बघा, किती विनम्र माणूस!

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पट्टीच्या जागी आता यंत्र होतं. आणि एका बुधवारी दुपारी काकांच्या स्वयंपाकघरात नदीवाल्या बाई येऊन बसल्या.

या बाई विद्यापीठातल्या. दोन वर्षं त्या या नदीचा इतिहास लिहीत होत्या. डोंगर चढायच्या, जुने नकाशे उलगडायच्या, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायच्या, आणि कुणाच्याही घरी बुटांचा चिखल घेऊन हक्कानं शिरायच्या. काकूंना त्या फार आवडत. "अहो, पोरीला निदान भूक तरी लागते," असं त्या काकांना ऐकवत, कारण काकांना अलीकडे भूक लागत नसे.

बाईंनी कपबशा बाजूला सारल्या आणि एक लांबलचक कागद टेबलावर पसरला. त्यावर एक निळी रेघ होती.

"काका, ही बघा तुमची छत्तीस वर्षं."

काकांनी कागदाकडे न बघता साखर ढवळली. साखर केव्हाच विरघळली होती.

"अहो, बघा तरी!" काकू म्हणाल्या. "तुमचंच आहे ते."

"हिवाळ्यात नदीला सगळ्यात कमी पाणी असतं ना, तेवढंच घेतलंय," बाई सांगू लागल्या. "पहिली चौदा वर्षं साठाच्या आसपास. जवळजवळ सपाट रेघ. आणि इथे, मोठ्या पुराच्या वर्षानंतर, बघा. एकदम बेचाळीस. अठरा सेंटिमीटरची पायरी! काका, जुन्या गोष्टी सगळे सांगतात. पूर्वी नदीला इथे तीन धारा होत्या, वरचं जंगल तोडलं, ओंडके वाहून आणायला दोन धारा बुजवून एक सरळ केली, उघड्या उतारांवरून गोटे खाली आले, वळणावर साचले, मग ते काढायला गोटेवाले आले. हे सगळं ऐकीव. पण माणसानं नदीचं काय केलं याचा आकड्यातला पुरावा माझ्याकडे एकच आहे. ही पायरी. माझं मधलं प्रकरण हिच्यावरच उभं आहे. नाव ठेवलंय 'वीतभर नदी'."

"वीत याहून मोठी असते," काका म्हणाले. "दोन बोटं तरी."

"तेवढं चालतं हो पुस्तकात," बाई हसल्या. "आणि पुढे बघा. गोटेवाल्यांना हलवलं आणि रेघ हळूहळू वर यायला लागली. नदी बरी होतेय! शनिवारी दुपारी तीनला वाचनालयात मी हे प्रकरण वाचणार आहे, सोमवारी पुस्तक छापायला जातंय. तुम्ही पहिल्या रांगेत. आणि तुमचे मेहुणे बोलणार आहेत."

काकांचा चमचा थांबला. "भाऊजी? भाऊजी काय बोलणार?"

"मी नाही हं सांगितलं, त्यांनीच विचारलं. म्हणाले, आमच्या हातून नदीचं वाटोळं झालं, ते एकदा चारचौघांत कबूल करून मोकळं व्हायचंय."

तेवढ्यात किटलीची वाफ झाली. काकू उठल्या, खिडकी वर सरकवली आणि टेकू लावला. टेकू बाईंच्या नाकापासून हातभर अंतरावर उभा होता. चोराच्या मनात चांदणं, तसं काकांना वाटलं की बाई आता त्याच्याकडेच बघतायत. बाई बिस्किटाकडे बघत होत्या. पण काकांच्या कानाच्या पाळ्या अशा तापल्या की काकूंनी विचारलं, "ताप आलाय का हो?"

आता हे सांगून टाकायला हवं, कारण काकांनी ते सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही आणि त्यानं कुणाचंच भलं झालं नाही.

पट्टी ज्या खडकावर होती, त्याच खडकात तिच्या वरती जुन्या इंजिनिअरनं एक बाण कोरून ठेवला होता. पट्टी वाहून गेली तर पुन्हा कुठे ठोकायची, याची ती खूण. बाणापासून बरोबर एक काठी खाली पट्टीचं शून्य. काठी म्हणजे कचेरीनं दिलेली दोन मीटरची लाकडी मोजकाठी. हिशेब इतका सोपा की चुकायला खास अक्कल लागावी. ती काकांनी दाखवली. पुराच्या आदल्या शरद ऋतूत त्या काठीचं खालचं टोक ओल लागून पिंजलं होतं, त्यावरचे आकडे पुसट झाले होते. कचेरीनं नवी काठी पाठवतो म्हणून कळवलं होतं. इकडे खिडकी टिकत नाही म्हणून काकूंची रोज कटकट. काकांनी करवत घेतली, काठीचं खराब टोक कापलं, आणि खिडकीला टेकू केला. एका दगडात दोन पक्षी! त्या दिवशी ते स्वतःवर फार खूश होते.

नवी काठी आली नाही. पूर आला. त्यानं पट्टी उपटून नेली. तीन दिवसांनी पाणी ओसरल्यावर काका कमरेला दोर बांधून बर्फाच्या पाण्यात उतरले, बोटं बधीर, दात वाजतायत, आणि काठीचं एक टोक बाणाला लावून दुसरं टोक जिथे आलं तिथे नव्या पट्टीचं शून्य ठोकलं. आकडे बघितले नाहीत. एक काठी म्हणजे एक काठी. काठी अठरानं तोकडी आहे, हे त्यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं. शून्य अठरा सेंटिमीटर वर बसलं, म्हणजे त्या दिवसापासून पट्टी पाणी अठरानं कमी सांगू लागली. नदी होती तिथेच होती.

चूक ही एवढी. एवढ्यावर कुणी कुणाला फासावर देत नाही.

पण हिवाळ्यात वहीत बेचाळीस आलं आणि कचेरीत धावपळ उडाली. नदीचा तळ खाली गेला! का गेला? तर खालच्या वळणावर अकरा घरं टोपल्यांनी गोटे काढतात, त्यांनी तळ ओढून नेला. समिती बसली. अकरांपैकी एक घर काकांच्या थोरल्या बहिणीचं होतं. भाऊजी गोटेवाले होते, त्यांचे वडील गोटेवाले होते. समितीचा निर्णय व्हायच्या आठ दिवस आधी काका खिडकीला रंग द्यायला बसले, टेकू हातात घेतला, त्यावरचे पुसट आकडे दिसले, एक ते अठरा, आणि पट्टीचं शून्य कुठे चुकलं ते त्यांना कळलं.

दुसऱ्याच दिवशी टेकू पिशवीत घालून ते कचेरीत गेले. गेले होते हो, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. साहेबांनी उठून हात मिळवला. चार जणांना बोलावलं. "हे बघा, चौदा वर्षं एक खाडाखोड नाही वहीत! अशी नोंद आहे म्हणून आपण समितीपुढे ताठ उभे राहू शकतो." चहा आला. काकांची पिशवी मांडीवर होती. त्यांनी चहा प्यायला, आभार मानले, आणि पिशवी तशीच बंद घेऊन परत आले. उद्या सांगू म्हणाले. मग परवा. नवव्या दिवशी सांगण्यासारखं काही उरलं नाही. अकरा घरांना नोटिसा गेल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि चोर घरी बसून खिडकीची उघडझाप करत होता.

भाऊजी खालच्या शहरात गेले, इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात लागले. काका दर शरद ऋतूत स्वतःच्या वाफ्यातले बटाटे पोतंभर त्यांच्याकडे पोचवत. एक वर्ष चुकलं नाही. ताई शेजारणींना सांगायची, भाऊ असावा तर असा. भाऊजी कधीमधी गावी येत तेव्हा वाटेतला एखादा दगड खिशात घालून आणत आणि पुलावरून खाली न बघता नदीत टाकत. "नदीचं नदीला," म्हणत आणि हसत. काकाही हसत. ते हसणं आठवलं की काकांना आजही अंघोळ करावीशी वाटते.

शुक्रवारी सकाळी काकांनी खिडकीखालून टेकू काढला. खिडकी धाडकन पडली.

"अहो! टेकू कुठे नेताय?"

"काम आहे."

"टेकूचं कसलं काम?" काकू ओला हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. "आणि इकडे मी काय डोक्यानं धरू खिडकी?"

"आल्यावर सांगतो. सगळं सांगतो," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघून काकूंनी पुढचं वाक्य गिळलं. सत्तावीस वर्षांत हे दुसऱ्यांदाच घडत असावं.

ताईचं घर म्हणजे कारखान्याच्या मागच्या दोन खोल्या. भिंतींना साबणाचा वास, आणि भिंतीपलीकडे यंत्रांचा घरघराट, ज्याची तिथल्या माणसांना इतकी सवय की तो बंद पडला तर त्यांना जाग येते. ताई पाटावर बसून बटाटे सोलत होती. काकांचेच बटाटे. भाऊजी आरशासमोर उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा, नाकावर चष्मा, हातात कागद. सोड्याच्या पाण्यानं त्यांची बोटं पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती, फार वेळ पोहलेल्या माणसासारखी.

"या या, मेहुणे!" भाऊजींना थट्टेत त्यांना अहो-जाहो करायची सवय होती. "बरं झालं आलात. उद्याचं पाठ करतोय. ऐका आणि कुठे चुकलं तर सांगा. तुम्ही वहीतला माणूस."

"भाऊजी, मला आधी जरा..."

"बाळ्या, ऐक रे आधी," ताई म्हणाली. "आठ दिवस माझं डोकं खाल्लंय, आता तुझं खाऊ दे."

भाऊजींनी घसा खाकरला आणि वाचलं.

"मी गोटेवाला. माझा बाप गोटेवाला. आम्ही अकरा घरं वळणावर राहत होतो. पूर ओसरला की नदी गोटे टाकून जायची आणि आम्ही टोपल्यांनी उचलायचो. आम्हाला वाटायचं, नदी देतेय आणि आपण घेतोय. पण ती देत नव्हती. आम्ही तिच्या पोटातून ओढून काढत होतो. हे आम्हाला कळलं नाही, वहीतून कळलं. ती वही माझ्या मेहुण्याची होती. दुसऱ्या कुणाची असती तर मी भांडलो असतो. पण तो माणूस खोटं लिहिणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी बाकीच्या दहा घरांना सांगितलं की भांडू नका, चूक आपली आहे. नदीनं आणि गावानं आम्हाला माफ करावं."

त्यांनी चष्मा काढला. "कसं वाटलं? शेवट जरा रडका झालाय का?"

काकांना वाटलं, ही फरशी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. फरशी काही दुभंगली नाही. बाकीच्या दहा घरांना भाऊजींनीच थोपवलं होतं, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी पिशवीतून टेकू काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?" ताई म्हणाली. "तुमच्या खिडकीचं लाकूड ना हे?"

काकांनी सांगितलं. बाण, काठी, करवत, पूर. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि याचीच त्यांना जास्त लाज वाटली. नदी खाली गेलीच नव्हती, काठी तोकडी होती. ते बोलायचे थांबले तेव्हा भिंतीपलीकडे यंत्र चादरी पिळत होतं.

भाऊजींनी टेकू उचलला. त्यावर आपली पांढरी वीत ताणून ठेवली. वीत दोन बोटं पुढे गेली.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

"म्हणजे आम्ही काहीच केलं नव्हतं."

"नाही, भाऊजी."

भाऊजींनी त्या पुसट आकड्यांवरून अंगठा फिरवला. रागावले असते तर बरं झालं असतं. काका घरून निघताना शिव्या खायच्या तयारीनं निघाले होते. मग भाऊजींनी हळू आवाजात विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

मेहुणे नाही, तुम्ही नाही. तुला.

इथे एक पळवाट होती, आणि काकांनी ती बघितली, हे लपवण्यात अर्थ नाही. मागच्या महिन्यात कळलं असं म्हणता आलं असतं. निवृत्तीनंतर कळलं असं म्हणता आलं असतं. चूक कुणाच्याही हातून होते, भाऊजींनी पाठीवर हात ठेवला असता, ताईनं चहा टाकला असता.

"निर्णयाच्या आठ दिवस आधी," काका म्हणाले. "कचेरीत गेलो होतो हे घेऊन. त्यांनी माझं कौतुक केलं. मला ते कौतुक सोडवलं नाही."

ताईच्या हातातला बटाटा अर्धा सोललेला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग पाटीतल्या बाकीच्या बटाट्यांकडे, मग कोपऱ्यातल्या पोत्याकडे.

"बाळ्या," ती म्हणाली, "म्हणून बटाटे?"

काकांनी मान हलवली.

तिनं तो अर्धा सोललेला बटाटा परत पाटीत टाकला, सुरी पुसली, आणि उठून मोरीत जाऊन हात धुवायला लागली. फार वेळ धुतले. भाऊजींनी भाषणाच्या कागदाची घडी घातली, सदरा काढून खुंटीला लावला, कामाचा अंगरखा चढवला.

"उद्या तीन वाजता ना?" दारातून ते म्हणाले. "मी बोलणार नाही. तू बोल." आणि ते यंत्रांच्या आवाजात निघून गेले.

घरी येऊन काकांनी काकूंना सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कटकट माझी होती ना खिडकीची. मला त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी स्वतः नेऊन आपटला असता तो तुकडा साहेबांच्या टेबलावर." आणि त्यांनी खरंच नेऊन आपटला असता. सव्वीस वर्षं घरात एवढा धीट माणूस होता आणि काकांनी त्याला विचारलं नाही.

शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत साठ-सत्तर माणसं होती. ताई आणि भाऊजी आले, पण पहिल्या रांगेत नाही, दारालगतच्या बाकावर बसले. बाई वाचायला उभ्या राहिल्या तेव्हा काकाही उभे राहिले. "बाई, आधी मला बोलू द्या. ते प्रकरण चुकलंय. मी चुकवलंय."

बोलताना त्यांचा आवाज नदीच्या हिवाळ्यातल्या पाण्याएवढा उरला होता. पण खोली इतकी गप्प होती की तेवढा पुरला. टेकू त्यांनी हातात धरून दाखवला. आठ दिवसांचंही सांगितलं. सांगून झाल्यावर मागच्या रांगेतला एक भला माणूस टाळ्या वाजवायला लागला. "शाब्बास काका! याला म्हणतात प्रामाणिकपणा!" आणखी दोघांनी टाळ्या धरल्या. दारालगतच्या बाकावरून भाऊजींनी वळून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. टाळ्या थांबल्या.

बाई पांढऱ्या पडल्या होत्या. दोन वर्षांचं काम होतं ते. त्यांनी टेकू मागून घेतला, स्वतःची मोजपट्टी काढून मोजला, मग तो निळा आलेख भिंतीवर लावला आणि पेन्सिलीनं पायरीच्या पुढचा एकेक बिंदू अठरानं वर नेऊ लागल्या. यंत्रही काकांनी ठोकलेल्या पट्टीशीच जुळवलेलं असल्यामुळे बिचारं पहिल्या दिवसापासून खोटंच बोलत होतं, त्याचेही बिंदू वर गेले. पायरी नाहीशी झाली. पण रेघ सपाट राहिली नाही. पुरानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती जागच्या जागी होती, आणि मग, गोटेवाले उठवल्यानंतर, चढत गेली. साठ, चौसष्ट, सत्तर, त्र्याहत्तर.

"बरी नव्हती होत," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "नदी बरी होत नव्हती. तळ भरत होता. वरून गोटे येतच होते, आणि काढणारं कुणी उरलं नव्हतं. ही माणसं काढत होती म्हणून ती जागेवर होती."

खालच्या आळीतली एक म्हातारी म्हणाली, "तरीच आमच्या तळघरात पाणी! मी मेली जावयाला दोष देत होते, गटार नीट बांधलं नाही म्हणून." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

भाऊजी भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघेकडे बघत होते. त्यांनी खिशातून भाषणाचा कागद काढला, उलगडला, एकदा वाचला आणि परत घडी घालून ठेवला. बाईंनी टेकू ठेवून घेतला. पुस्तक आता सोमवारी छापायला जाणार नव्हतं.

बस पुलापलीकडून सुटायची. ताई आणि भाऊजी पुढे चालले होते, काका दहा पावलं मागे. त्याहून जवळ जायची त्यांची हिंमत नव्हती. पुलाच्या मध्यावर भाऊजी थांबले. सवयीनं त्यांचा हात खिशात गेला आणि दगड घेऊन बाहेर आला. तो त्यांनी नदीत टाकला नाही. कठड्यावर ठेवला. आणि मग दोन्ही हात कठड्यावर टेकून ते खाली वाकले आणि नदीकडे बघू लागले, वळणापर्यंत, जिथे अकरा घरं होती आणि आता नुसता गोट्यांचा उंच पांढरा ढीग होता. सव्वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा खाली बघितलं. ताई त्यांचा दंड धरून उभी होती आणि मागे वळत नव्हती.

काका तिथेच दहा पावलांवर उभे राहिले. माफ करा म्हणायचं त्यांच्या ओठावर आलं, पण सव्वीस पोत्यांनंतर तो शब्द बाहेर काढायचीही लाज वाटली.

बसचा हॉर्न वाजला. भाऊजी सरळ झाले.

"बाकीची दहा घरं पांगलीत," ते काकांकडे न बघता म्हणाले. "दोघं-तिघं गेले. त्यांची पोरं आहेत. मी सांगितलं म्हणून ते सगळे गप्प बसले होते. तू प्रत्येकाच्या दारात जायचं आणि आज बोललास ते बोलायचं. आठ दिवसांसकट. पत्ते मी देतो."

"जातो, भाऊजी. सोमवारपासूनच जातो."

भाऊजी चार पावलं चालले आणि थांबले.

"आणि बाळ्या," ते म्हणाले, "बटाटे नेऊ नकोस."